झाकण मजुराच्या पाठीवर, हात मालकाचा

मुलांसाठी काढलेला विनोदी चित्रपट हा गंभीर समीक्षेचा विषय होऊ शकत नाही, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. त्यातही तो एखाद्या खेळण्याच्या कंपनीच्या मालावर उभारलेला असेल, तर त्याला जाहिरात म्हणून बाजूला सारणे फारच सोपे असते. मला ही भूमिका मान्य नाही. समाजातले आपले स्थान कोणते, हे माणसाला पाठ्यपुस्तकातून फार उशिरा कळते. त्याआधी ते त्याला खेळण्यांतून, गाण्यांतून आणि गोष्टींतून शिकवून झालेले असते. राजा कोण आणि शिपाई कोण, घरात कोणी बसायचे आणि मोहिमेवर कोणी जायचे, हे मूल खेळता खेळताच आत्मसात करते. ज्यांना समाजव्यवस्था बदलायची आहे, त्यांनी खेळण्यांच्या पेटीतही डोकावून पाहिले पाहिजे.

ज्यांच्याविषयी मी लिहितो आहे ते चित्रपट दोन आहेत. 'द लेगो मूव्ही' हा अॅनिमेशनचा चित्रपट २०१४ साली आला. त्याची पटकथा आणि दिग्दर्शन फिल लॉर्ड व ख्रिस्तोफर मिलर यांचे. दुसरा भाग २०१९ साली आला. पटकथा याच दोघांची, दिग्दर्शन माइक मिचेल यांचे. पहिल्या भागाने जगभर ४६ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला, दुसरा २० कोटींच्या आतच अडकला. साधारण मत असे की, दुसरा भाग म्हणजे यशस्वी चित्रपटाला लावलेले शेपूट. माझे मत वेगळे आहे. पहिला भाग जो प्रश्न उभा करून सोडून देतो, तो दुसऱ्या भागाने अधिक प्रामाणिकपणे हाती घेतला आहे. मात्र दोन्ही भाग शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. ते ठिकाण कोणते, हे तपासणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या खेळण्याविषयी. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाचा एक सुतार होता. १९३२ साली, मंदीच्या दिवसांत, त्याने लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. 'चांगले खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून १९३४ मध्ये 'लेगो' हे नाव आले. पुढे हा सुतार प्लॅस्टिककडे वळला. तुझा धर्म लाकडाचा, प्लॅस्टिकला तू हात लावायचा नाहीस, असे त्याला सांगणारे कोणतेही शास्त्र त्या गावात नव्हते, याची नोंद आपण केली पाहिजे. आज ज्याला आपण लेगोचा ठोकळा म्हणतो, त्याचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाले. ठोकळ्याच्या वर गोल उंचवटे आणि आत पोकळ नळ्या. त्यामुळे कोणताही ठोकळा कोणत्याही ठोकळ्यावर घट्ट बसतो आणि पुन्हा सुटा होतो. वर आठ उंचवटे असलेले एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तर ते ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात, हे गणिताने सिद्ध झाले आहे. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्याला जुळतो.

या रचनेत एक समतेचे तत्त्व आहे. खालचा ठोकळा वर जाऊ शकतो, वरचा खाली येऊ शकतो. कोणत्याही ठोकळ्याची जागा त्याच्या जन्माने ठरलेली नसते. परंतु त्याच पेटीत दुसरीही एक वस्तू असते. ती म्हणजे सूचनापुस्तिका. कोणता ठोकळा कुठे बसवायचा, हे तिच्यात चित्रांनी सांगितलेले असते. ठोकळा म्हणतो, काहीही घडव. पुस्तिका म्हणते, हेच घडव. पहिल्या चित्रपटाचा सारा संघर्ष या दोन वस्तूंमधला आहे.

चित्रपटाचा नायक एमेट हा ब्रिक्सबर्ग नावाच्या शहरातला बांधकाम मजूर आहे. सकाळी उठल्यापासून तो पुस्तिका पाहून जगतो. कसे हसायचे, शेजाऱ्याला काय म्हणायचे, कोणते गाणे आवडून घ्यायचे, हे सारे लिहून ठेवलेले आहे. एका पेल्याभर कॉफीला तो ३७ डॉलर मोजतो आणि वर आनंदही मानतो. गाणे एकच, सर्वत्र तेच वाजते. सगळे काही झकास आहे, असा त्याचा भावार्थ. शहराचा मालक प्रेसिडेंट बिझनेस. कॉफी त्याची, दूरदर्शनवरचा कार्यक्रम त्याचा, संगीत त्याचे, इतिहासाची पुस्तके त्याची आणि मतदानाची यंत्रेही त्याचीच! मुलांच्या चित्रपटात हे एका दमात सांगून टाकले आहे. आपल्याकडे मोठ्यांसाठी निघणाऱ्या किती चित्रपटांना एवढे सांगण्याची हिंमत होते?

या बिझनेसजवळ एक भयंकर अस्त्र आहे. ते म्हणजे चटकन चिकटणाऱ्या गोंदाची एक ट्यूब. तिच्या नावातली काही अक्षरे पुसली गेल्यामुळे त्या जगात तिला एक गूढ नाव मिळाले आहे. बिझनेसला हवे आहे ते असे की, प्रत्येकाने नेमून दिलेल्या जागी, नेमून दिलेल्या पवित्र्यात उभे राहावे, आणि मग वरून गोंद टाकून ती व्यवस्था कायमची गोठवून टाकावी. त्याचे यंत्रमानव आधी माणसांचे हातपाय हवे तसे वळवतात, मग गोंद फवारला जातो. हे दृश्य विनोदी आहे. मला ते पाहताना हसू आले नाही. १९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. १९३६ मध्ये त्यांनी स्पष्ट केले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी करत नाही, ती श्रमिकांचीच विभागणी करते. ज्या समाजाने हा गोंद पुस्तकातून नव्हे तर अंगावर अनुभवला आहे, त्याला बिझनेसची योजना समजावून सांगावी लागत नाही. अमेरिकेत बसून हा चित्रपट करणाऱ्यांच्या मनात आपली जातिव्यवस्था असण्याचे काहीच कारण नाही. पण माणसांना जागच्या जागी चिकटवून ठेवण्याची वासना सर्वत्र आहे. आपल्याकडे तिला धर्माचा आधार मिळाला, एवढाच फरक.

आता एमेटकडे येतो. एक भविष्यवाणी आहे. एक 'विशेष' पुरुष येईल, त्याला एक अद्भुत तुकडा सापडेल आणि तो बिझनेसचा पराभव करील. तो तुकडा योगायोगाने एमेटच्या पाठीला चिकटतो. मग 'मास्टर बिल्डर' म्हणवणारे सारे प्रतिभावंत त्याच्याभोवती जमतात. पुस्तिकेशिवाय घडवू शकणारे हे लोक, त्यात बॅटमॅन आहे, अंतराळवीर आहे, चाचा आहे. त्यांना कळते की हा तर साधा मजूर आहे, याच्या डोक्यात एकही स्वतंत्र कल्पना नाही. ते त्याची टर उडवतात. एमेटने आयुष्यात एकच नवी गोष्ट कल्पिली आहे, दुमजली कोच! तीही त्यांना हास्यास्पद वाटते. (पुढे सगळी नौका बुडते तेव्हा तोच कोच तरंगतो आणि त्यात लपून सारे वाचतात, ही गोष्ट वेगळी.) प्रतिभेची मक्तेदारी मिरवणाऱ्या या मंडळींचे चित्रण अगदी नेमके आहे. श्रम करणाऱ्याला कल्पनाशक्ती नसते, त्याच्या अनुभवाला कलारूप येऊ शकत नाही, असे म्हणणारे समीक्षक आपण काही कमी पाहिलेले नाहीत.

यानंतर चित्रपट एक मोठे काम करतो. ज्या वृद्ध ज्ञान्याने ती भविष्यवाणी उच्चारली, तोच मरताना सांगतो की ती आपण बनवून सांगितली होती. कोणी 'विशेष' नव्हताच. अवतार नाही, प्रेषित नाही, पूर्वसंचित नाही. एवढ्यावर थांबून चालत नाही, म्हणून एमेटची सहकारी लूसी साऱ्या शहराला आवाहन करते की, पुस्तिका फेका आणि हाताशी असेल त्यातून घडवा. आणि सामान्य माणसे घडवू लागतात. अवतारवादाला मुलांच्या चित्रपटाने इतक्या सहजपणे सुरुंग लावलेला मी क्वचितच पाहिला आहे. हे या कलाकृतीचे श्रेय आहे आणि ते मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

पण हे सारे घडत असते कोणाच्या तळघरात? उत्तरार्धात एमेट त्या जगातून खाली पडतो आणि आपल्याला खरा माणसांचा संसार दिसतो. एका घराच्या तळघरात वडिलांनी मांडलेली लेगोची नगरी आहे. हात लावू नये, अशा पाट्या जागोजाग आहेत. त्यांचा मुलगा फिन चोरून तिथे खेळतो. बिझनेस म्हणजे हे वडीलच. दोघांनाही विल फेरेल या एकाच नटाने आवाज आणि देह दिला आहे. वडील सारी नगरी गोंदाने चिकटवायला निघाले आहेत. तेवढ्यात मुलाने घडवलेल्या गोष्टी त्यांच्या नजरेला पडतात, खलनायक म्हणून आपणच उभे आहोत हे त्यांना उमगते आणि त्यांचे मन द्रवते. इकडे एमेट बिझनेसला सांगतो की, तुम्ही खलनायक असण्याचे कारण नाही, तुम्हीही 'विशेष' आहात. तो अद्भुत तुकडा दुसरे तिसरे काही नसून गोंदाच्या ट्यूबचे झाकण असते. बिझनेस ते घेतो आणि स्वतःच्या हाताने ट्यूबला लावतो.

झाकण मजुराच्या पाठीवर होते. शहरभर माणसे उठली होती. तरीही ट्यूब बंद करण्याचा मान मालकालाच! आपल्या विचारपरंपरेत या प्रकाराला नाव आहे. त्याला हृदयपरिवर्तन म्हणतात. वरच्याचे मन पालटेल, त्याला पश्चात्ताप होईल आणि मग तो खालच्याला जवळ करील, या मार्गावर बाबासाहेबांचा विश्वास नव्हता. १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर लोक गेले ते कोणाचे मन द्रवावे म्हणून नव्हे, तर पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी. तो हक्क पुढे न्यायालयात दहा वर्षे लढवावा लागला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो टिकला. दया ही देणाऱ्याच्या लहरीवर असते. आज दिलेली उद्या काढून घेता येते. तळघराची किल्ली वडिलांकडेच राहते आणि मुलाला मिळते ती परवानगी. परवानगी आणि हक्क यांतला फरक ज्या गोष्टीला कळत नाही, तिचा शेवट कितीही गोड असला तरी मला तो अपुरा वाटतो.

एक क्षण मात्र याला अपवाद आहे. तळघरातल्या टेबलावर एमेट निव्वळ प्लॅस्टिकचा तुकडा होऊन पडलेला असतो. त्याला कोणी हलवल्याशिवाय हलता येत नाही. तरीही तो सारी शक्ती एकवटून किंचित वळवळतो आणि टेबलावरून खाली पडतो. त्यामुळेच मुलाचे लक्ष त्याच्याकडे जाते. सगळ्या चित्रपटात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही वळवळ. कोणाच्याही हाताशिवाय झालेली ती एकमेव हालचाल आहे. चित्रपटाने तिचे महत्त्व ओळखले असते तर शेवट वेगळा झाला असता.

दुसऱ्या भागाची सुरुवात नेमकी या अपुरेपणातून होते. पहिल्या भागाच्या अखेरीस वडील मुलाला म्हणतात की, तुला येथे खेळू दिले, तर आता तुझ्या लहान बहिणीलाही येऊ द्यावे लागेल. लगेच लहान मुलांच्या मोठ्या ठोकळ्यांतून बनलेले परग्रहवासी नगरीवर येऊन थडकतात. पाच वर्षांनंतरचे ब्रिक्सबर्ग उद्ध्वस्त झाले आहे. फिनच्या दृष्टीने बहीण बियांका ही आक्रमक आहे. कालपर्यंत जो वडिलांच्या गोंदाला भीत होता, तो आज आपल्या ठोकळ्यांभोवती कुंपण घालतो. वडिलांनी दिलेली परवानगी त्याला पुरली, पण त्यातला वाटा खाली द्यायची वेळ येताच तोच धाकटा बिझनेस झाला. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे इतके सोपे उदाहरण शोधून सापडणार नाही. प्रत्येकाच्या वर कोणी आहे आणि प्रत्येकाच्या खाली कोणी आहे. वरच्याविरुद्ध प्रत्येकाला न्याय हवा असतो, खालच्याला तो देताना मात्र हात आखडतो.

याच भागातला एक विनोद मी वारंवार आठवतो. बहिणीच्या जगातली सेनानी मेहेम लूसीला विचारते त्याचा आशय असा की, लढलीस तू, घडवलेस तू, शत्रूला लोळवलेस तू, आणि नेता म्हणून मिरवला तो हा गोंधळलेला पुरुष? प्रेक्षक हसतात. आपण चळवळीतल्या लोकांनी यावर हसण्याआधी थोडे थांबावे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' या नावाचे पुस्तक का लिहावे लागले? त्या नावातला 'ही' कोणाला उद्देशून आहे? तो केवळ सवर्ण इतिहासकारांना उद्देशून असता तर गोष्ट सोपी होती. सभेच्या सतरंज्या अंथरणाऱ्या, मोर्चात पुढे असणाऱ्या, तुरुंगात जाणाऱ्या बायांची नावे आपल्याच नोंदींतून गळली, म्हणून तो 'ही' लिहावा लागला. लूसीचा विनोद आपल्या अंगणातही लागू पडतो.

दुसऱ्या भागात आणखी एक पात्र आहे, रेक्स. तो शूर, दणकट, कोणाचीही पर्वा न करणारा आहे. एमेटला तो आदर्श वाटतो, कारण उद्ध्वस्त नगरीत सगळ्यांनीच रुक्षपणा हे प्रौढपणाचे लक्षण ठरवले आहे. लूसीनेसुद्धा आपले मूळचे रंगीबेरंगी केस काळ्या रंगाखाली झाकून ठेवले आहेत. शेवटी कळते की रेक्स म्हणजे भविष्यातला एमेटच. कपडे वाळवण्याच्या यंत्राखाली तो पडून राहिला, त्याला घ्यायला कोणी आले नाही, आणि त्या उपेक्षेतून त्याचे मन दगड झाले. उपेक्षेचे दुःख खरे आहे. पण त्या दुःखाचे त्याने चिलखत केले आणि मग त्या चिलखताच्या आत कोणालाच, अगदी स्वतःच्या माणसांनाही, शिरू दिले नाही. हे मला फार महत्त्वाचे वाटते. विद्रोह हा माणसासाठी असतो. ज्या विद्रोहातून माणूसच हद्दपार होतो, तो नुसता पवित्रा राहतो. तरुण कार्यकर्त्यांनी रेक्सकडे पाहावे. त्याचा राग खोटा नाही, परंतु तो कोणावर काढला जातो, हे पाहावे. तो काढला जातो बहिणीवर.

इतके मोठे सत्य हाती लागूनही हा भाग पुन्हा घरातच मिटवला जातो. भांडण विकोपाला जाते तेव्हा आई सारी खेळणी पेटाऱ्यात भरायला लावते. मग भावाला चूक कळते, तो बहिणीकडे जातो आणि सारे एकत्र खेळू लागतात. पहिल्या भागात वडिलांचे हृदय पालटले, दुसऱ्यात भावाचे. बहिणीने काय मिळवले? पुन्हा परवानगीच. शिवाय बहिणीचे जग म्हणून जे दाखवले आहे, त्यात चमचमाट आहे, गाणी आहेत आणि एका राणीचे लग्न आहे. हे जग बियांकाच्या मनातून आले की दुकानातल्या फळीवरून? २०१२ साली लेगोने मुलींसाठी 'फ्रेंड्स' नावाचा वेगळा माल काढला. त्यातल्या बाहुल्यांची घडणही वेगळी होती आणि त्यावर बरीच टीका झाली. २०१४ च्या प्रारंभी अमेरिकेतल्या सात वर्षांच्या एका मुलीचे कंपनीला लिहिलेले पत्र गाजले. तिची तक्रार अशी होती की, लेगोतल्या मुली घरी बसतात, खरेदी करतात, आणि मुलगे मात्र साहसे करतात, नोकऱ्या करतात, लोकांना वाचवतात. त्या मुलीने मनोरा आणि त्याचे मजले बरोबर ओळखले होते. मेहेम ही सेनानी त्याच मुलींच्या बाहुल्यांच्या घडणीची आहे, हा चित्रपटकर्त्यांनी काढलेला चिमटा आहे खरा. पण फळ्या दुकानात वेगळ्याच राहिल्या.

आणखी एक गोष्ट रंगाची. लेगोची चिमुकली माणसे १९७८ साली आली तेव्हापासून त्यांचे तोंड पिवळे असे. पिवळ्याला कोणताही वंश नाही, म्हणून तो सगळ्यांचा, अशी त्यामागची भूमिका. ऐकायला हे उदात्त आहे. पण २००३ मध्ये खऱ्या बास्केटबॉल खेळाडूंच्या आणि एका प्रसिद्ध अंतराळपटातल्या कृष्णवर्णीय पात्राच्या प्रतिमा विकायच्या झाल्या, तेव्हा पिवळा रंग चालेना आणि खऱ्या कातडीचे रंग आणावे लागले. मग प्रश्न पडतो की, इतकी वर्षे तो पिवळा माणूस कोण होता? 'आम्ही जात पाहत नाही' असे म्हणणाऱ्यांची जात आपल्याला बहुतेक वेळा आधीच ठाऊक असते. तटस्थ म्हणून जो रंग पुढे केला जातो, तो सहसा बलवानाच्याच अंगाला शोभणारा असतो.

आता चित्रपटाच्या बाहेर येऊ. कारण हृदयपरिवर्तनाचे तत्त्वज्ञान खरे की खोटे, याची परीक्षा कंपनीच्या वागण्यातच घेता येते. पडद्यावर सांगितले जाते की, पुस्तिका फेका, ठोकळे सर्वांचे आहेत. प्रत्यक्षात पेटंटची मुदत संपल्यावरही ठोकळ्याचा आकार आपलाच राहावा म्हणून कंपनी न्यायालयांत लढत राहिली. २००५ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१० साली युरोपीय न्यायालयाने तिचे म्हणणे फेटाळले. जो आकार वस्तूच्या उपयोगातूनच ठरतो, त्यावर कायमचा मालकी शिक्का मारता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. आणि गंमत अशी की, १९४९ साली लेगोने काढलेला पहिला प्लॅस्टिकचा ठोकळा हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराच्या ठोकळ्यावरूनच बेतलेला होता! कोणी जन्माने विशेष नसतो, असे चित्रपट सांगतो. कंपनीची ७५ टक्के मालकी मात्र आजही त्या सुताराच्या वंशजांच्या संस्थेकडे आहे. नायक मजूर आहे, पण हंगेरीत, मेक्सिकोत, चीनमध्ये हे ठोकळे ज्यांच्या हातांखालून जातात त्या मजुरांची सावलीसुद्धा चित्रपटावर पडत नाही.

पुढे २०१४ सालीच काय घडले पाहा. शेल या तेल कंपनीशी लेगोचा अनेक दशकांचा संबंध होता आणि तिच्या नावाची खेळणी विकली जात होती. आर्क्टिकमध्ये तेल काढण्याच्या शेलच्या बेतांविरुद्ध ग्रीनपीसने एक छोटी फीत काढली. तीत लेगोने रचलेला बर्फाळ प्रदेश काळ्या तेलात हळूहळू बुडतो, आणि मागे चित्रपटातले तेच झकास गाणे उदास चालीत ऐकू येते. बिझनेसच्या गुंगीचे गाणे लोकांनी बिझनेसवरच उलटवले. काही महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, करार पुढे चालू ठेवणार नाही असे कंपनीला जाहीर करावे लागले.

दुसरे उदाहरण चिनी कलावंत आय वेवे यांचे. २०१४ साली अमेरिकेतील आल्कात्राझच्या जुन्या तुरुंगात त्यांनी लेगोच्या ठोकळ्यांतून पावणेदोनशेच्या आसपास राजकीय कैद्यांच्या व निर्वासितांच्या प्रतिमा मांडल्या. २०१५ मध्ये मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी ठोकळे मागितले, तेव्हा राजकीय कामासाठी असलेली मागणी आम्ही पुरवत नाही, असे कंपनीने सांगितले. पुस्तिका फेकून देणारा खरा 'मास्टर बिल्डर' दारात आला, आणि दार बंद झाले! मग काय झाले? देशोदेशीच्या सामान्य लोकांनी आपल्या घरचे ठोकळे आणून दिले. ते गोळा करण्यासाठी शहरांत मोटारी उभ्या केल्या होत्या, त्यांच्या उघड्या छतातून लोक ठोकळे टाकत होते. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने नियम बदलला. घाऊक मागणी करणाऱ्याला हेतू विचारणे बंद झाले.

ही दोन्ही उदाहरणे चित्रपटाच्या शेवटाला खोटे पाडतात. बिझनेस बदलला तो कोणी त्याला 'तुम्हीही विशेष आहात' असे सांगितल्यामुळे नाही. लोक संघटित झाले, त्यांनी दडपण आणले, तेव्हा झाकण लागले. न्यायालयात हरला, तेव्हा आकार सर्वांचा झाला. कंपनीच्या स्वतःच्या इतिहासात जे सत्य आहे, ते तिच्या चित्रपटात यायला धजत नाही. कलाकृतीच्या मर्यादा येथे दिसतात. मालकाच्या तळघरात मांडलेले बंड मालकाच्या परवानगीपर्यंतच जाऊ शकते.

म्हणून हे चित्रपट मुलांना दाखवू नयेत का? मी स्वतः शिक्षक आहे आणि मी उलट म्हणेन, अवश्य दाखवावेत. पहिल्या भागातील मजूर नायक, भविष्यवाणीचा फोलपणा आणि दुसऱ्या भागातील बहीण-भावाचा झगडा, यांतून वर्गात पुष्कळ बोलता येईल. आपल्या शाळांतल्या बहुसंख्य मुलांच्या घरी हे महागडे ठोकळे नसतील. त्याने काही अडत नाही. माती, काड्या, काडेपेट्या यांतून घडवणाऱ्या मुलांना पुस्तिका कधीच मिळालेली नसते, ती जन्मतःच एमेटच्या पुढे आहेत. दाखवून झाल्यावर शिक्षकाने मात्र एक प्रश्न विचारावा. एमेटच्या पाठीवर झाकण होते, सारे शहर त्याच्या बाजूला होते, मग ट्यूब कोणी बंद करायला हवी होती?

माझी खात्री आहे की, लहान मुले याचे उत्तर पटकथाकारांपेक्षा बरोबर देतील. आणि वर्गातली एखादी मुलगी उठून विचारील की, बियांकाला तळघराची किल्ली केव्हा मिळणार? तिला उत्तर द्यायला आपण तयार असले पाहिजे.